ती चकती आमची नव्हती

आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी हेव्यापोटी नव्या दालनाच्या उद्घाटनाचा विचका केला, असं अलिबागपर्यंत आजही सांगतात. साफ खोटं! मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

रेवदंड्याच्या या बाई लोहाच्या संयुगाच्या पुडीपासून अतिवाहक तार बनवत, म्हणजे वीज जराही वाया न घालवणारी. रोज सकाळी खिडकीबाहेर हात काढून त्या हवा बघत. "वारा ओला हाय, सर. आज पूड उघडली तर बिघडंल." कुणी 'शोध' म्हटलं की विचारत, "पण तार किती लांब झाली?"

उद्घाटनाला संचालकांनी वाफाळत्या, अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या एका काळ्या चकतीवर चुंबक तरंगवून दाखवलं. "हे आमचं लोह!" टाळ्या पडल्या. बाई उठल्या.

"सर, ती चकती विकतची हाय, तांब्याच्या संयुगाची."

"बाई गंमत करतात," संचालक हसले.

"गंमत न्हाय. आपल्या लोहाला एवढी थंडी पुरत न्हाय, अजून गार केल्याबिगर त्यावर चुंबक तरंगत न्हाय."

मी पुटपुटलो, "खाली बसा हो."

त्या बसल्या नाहीत. पुढं त्यांचा करार वाढवला गेला नाही, तेव्हाही मी गप्पच होतो.

स्वतःचं काम अपुरं आहे असं भर सभेत सांगणं, हा हेवा? त्या चकतीचा फोटो अजून दालनात आहे, खाली 'आमचे संशोधन' असं लिहून. आधी तो उतरवा.