आल्बानने ऐकलेला आवाज

सांटरांच्या घरी चौदा गाई, एक गोठा आणि दोन मुलगे. त्या खोऱ्यात शेताच्या वाटण्या करत नाहीत, सगळं थोरल्याकडे जातं. धाकट्या आल्बानच्या वाट्याला डोंगर आला. पंचविसाव्या वर्षी परीक्षा देऊन तो गाइड झाला, खालच्या गावातल्या बुर्गीशी लग्न केलं, आणि पुढची एकोणीस वर्षं हिवाळ्यातल्या दर शनिवारी इन्सब्रुक शहरातल्या एका वसतिगृहातल्या परदेशी विद्यार्थ्यांना डोंगरावर नेत राहिला.

पहिल्या दिवशी तो पोरांना सांगायचा, "हजार मीटरच्या वर कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. इथे मी नुसता आल्बान. खाली उतरलात की सांटरसाहेब म्हणा, बायकोवर जरा छाप पडते."

एकोणिसाव्या वर्षी सहा जण होते. त्यातली इनेश पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका शाळामास्तरांची मुलगी, हिमनद्यांचा अभ्यास करायला आलेली. एकविसाव्या वर्षापर्यंत तिने बर्फ पाहिला नव्हता, आणि दुसऱ्या हिवाळ्यात ती बाकीच्यांना मागे टाकू लागली होती.

"इनेश, दमाने. शिखर काय संध्याकाळच्या गाडीने गावाला जाणार आहे?"

"शिखर नाही जाणार. पण तुला एक वाजता भूक लागते आणि तू आम्हाला परत फिरवतोस."

ती अधूनमधून बुर्गीच्या हातचं जेवायला यायची. तिचे बूट टाचेला लागतात हे पाहून बुर्गीने स्वतःचे स्कीचे बूट तिला देऊन टाकले होते. "मला आता गुडघे कुठे साथ देतायत? घाल तू."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते एका तिरप्या उताराशी पोचले. उतार ओलांडला की खडक, आणि खडकावरून सरळ शिखराकडे जाणारी धार. आल्बान एकटा पुढे निघाला. मध्यावर असताना पायाखालून आवाज आला. वुम्म. तळघराचं जड दार कोणी लोटावं तसा. माणसाच्या वजनाने बर्फाचा आतला थर खचतो तेव्हा हा आवाज येतो. तो ऐकला की मागे फिरायचं, बाकी काही विचार करायचा नाही, हे तो एकोणीस वर्षं पोरांना शिकवत आला होता.

तो थांबला. खडक चाळीस पावलांवर होता. त्या दिवशीच्या सरकारी पत्रकात हिमस्खलनाचा धोका कमी सांगितला होता, ऊन छान पडलं होतं, पोरं उत्साहात होती. तो पाच-सहा श्वास तसाच उभा राहिला आणि मग चालू लागला. खडकावर पोचून त्याने हाक दिली, "एकेक करून या. अंतर ठेवा."

आधी तानेल आला. हा एस्टोनियाचा उंच, अबोल मुलगा. त्याच्यामागून इनेश निघाली. ती मध्यावर आली आणि वरच्या बाजूला बर्फाला एक रेघ पडली. सगळा उतार तिच्यासकट खाली गेला.

तिच्या अंगावरच्या यंत्राचा संकेत पकडून शोधयंत्राने जागा दाखवली. फावड्याचा दांडा मोडला तेव्हा आल्बानने हातांनी खणलं. ती दीड मीटर खाली होती. वर काढायला वीस मिनिटं लागली. ती गेलेली होती. हेलिकॉप्टर येईपर्यंत पोरं तिच्याभोवती बसून राहिली, आणि आल्बान तिच्या छातीवर दाब देत राहिला, कारण थांबायचं कसं ते त्याला कळेना.

बुर्गीचे बूट पोलिसांनी दोन आठवड्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून परत दिले. ती पिशवी घेऊन ती कितीतरी वेळ दारातच उभी होती.

आल्बानवर खटला पुढच्या ऑक्टोबरात उभा राहिला. तज्ज्ञाने उताराचा कोन सांगितला, पत्रक वाचून दाखवलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "उतार धोक्याचा आहे असं काही लक्षण जाणवलं होतं?"

"नाही," आल्बान म्हणाला.

तानेललाही त्यांनी तेच विचारलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, "मला काही ऐकू आलं नाही." ऐकण्याबद्दल खरं तर कोणी विचारलं नव्हतं. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आल्बान निर्दोष सुटला. बाहेर इनेशचे वडील दुभाष्याला घेऊन त्याच्यापाशी आले. त्याचा हात दोन्ही हातांत धरून ते काहीतरी बोलले. दुभाष्या म्हणाला, "तुम्ही हातांनी खणलंत असं त्यांना कळलंय. ते आभार मानतायत."

त्या हिवाळ्यात आल्बानने गाइडचा बिल्ला परत केला आणि रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या सरकारी गाडीवर नोकरी धरली. बुर्गीला त्याने खरं सांगितलं. तिने हातातला बटाटा सोलून संपवला. "मला सांगितलंस, ठीक केलंस," ती म्हणाली. "आता आणखी कोणाला नको."

अपघातानंतर चौथ्या वर्षी एका दुपारी तानेल दारात आला. शिक्षण अर्धवट राहिलेलं, दाढी वाढलेली. बुर्गीने पुढे ठेवलेल्या सूपला त्याने हात लावला नाही.

"तू ऐकलं होतंस ना?" त्याने विचारलं.

आल्बान म्हणाला, "हो."

"मीही ऐकलं. इनेश शेजारीच होती, तिने मला विचारलं, काय झालं रे? तू थांबला होतास. मग तू चालू लागलास. मला वाटलं, तो चाललाय म्हणजे ठीक असेल. मी तिला म्हटलं, काही नाही, ये माझ्यामागून. कोर्टात सांगितलं असतं तर तुझ्याबरोबर माझंही सांगावं लागलं असतं."

"तुझा काही दोष नाही. गाइड मी होतो."

"ते मला माहीत आहे. उपयोग होत नाही त्याचा."

त्या सोमवारी आल्बान इस्त्री केलेला सदरा घालून सरकारी वकिलांच्या कचेरीत गेला. तानेलचं नाव न घेता त्याने स्वतःचं सगळं सांगितलं. समोरच्या तरुण वकिलाने फाइल चाळली, मग कायद्याचं पुस्तक उघडून पाहिलं. "खटला पुन्हा उघडायची मुदत संपली, सांटरसाहेब. आता तुमच्यावर काही करता येणार नाही."

"मग मी हे कुठे सांगू?"

"ते मी कसं सांगणार?"

मग त्याने इनेशच्या वडिलांना पत्र लिहिलं. दीड पान लिहायला त्याला आठ दिवस लागले. उत्तर महिन्याभराने आलं, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये.

'तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं. माझी बायको रोज स्वतःला समजावते की कोणाची चूक नव्हती. त्यावरच ती झोपते. तिला मी हे कळू देणार नाही, म्हणजे आता हे मला एकट्याला मनात ठेवायचं आहे. कृपा करून पुन्हा लिहू नका.'

आल्बानने ते दोनदा वाचलं आणि बुर्गीकडे दिलं. तिने वाचून चष्मा काढला.

"हलकं व्हायला लिहिलंस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ओझं त्या माणसाच्या डोक्यावर ठेवून आलास."

"हो," आल्बान म्हणाला.

साडेतीनला त्याची पाळी होती. वरच्या घाटात बर्फ धरू लागला होता. त्याने जाकीट चढवलं, पत्र खिशात घातलं आणि गाडीत मीठ भरायला गेला.