माधवरावांच्या गाडीचे नवे फिल्टर

ॲलॉयशियस मिस्किटा पन्नास वर्षं मोटरसायकली दुरुस्त करत होता. परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्याचा गाळा. मी दुसऱ्या मजल्यावर. रेल्वे वर्कशॉपात टर्नर होतो, आता निवृत्त. त्याला एखादा भाग कातून हवा असला की लालबागला ओळखीच्या लेथवर मी करून द्यायचो.

त्याचा एक नियम होता. कार्ब्युरेटरला हात लावलेली गाडी चाचणीशिवाय द्यायची नाही. रविवारी सकाळी ती शिवडीला गोदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायची, थ्रॉटल पूर्ण पिळायचा, तशीच पळती असताना क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि कडेला प्लग काढून बघायचा. टोक कॉफीच्या रंगाचं असलं तर ठीक. पांढरं असलं तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन आतून भाजतंय. मग कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी स्क्रू, मोठा घालायचा आणि पुन्हा पळवायची. कधी तीन-तीन रविवार जात. गिऱ्हाईक कुरकुरलं की तो म्हणे, "घाई असंल तर नवीन घे ना, मेन."

गेल्या वर्षी चाळ पाडायचं ठरलं. गाळा सोडायला महिना राहिला तेव्हा त्याच्याकडे एकच गाडी उरली होती. दादरच्या माधवरावांची साडेतीनशे सीसी, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, दोन कार्ब्युरेटर. चौऱ्याऐंशी साली घेतल्यापासून ॲलॉयशियसशिवाय तिला कोणी पाना लावला नव्हता. माधवराव गेले, गाडी तीन वर्षं जिन्याखाली उभी राहिली, मग नातवाने, अनिशने, बाहेर काढली.

"ही नीट चालती करून देतो," ॲलॉयशियस मला म्हणाला, "मग शटर खाली. शेवटची खराब गेली तर पन्नास वर्षं पाण्यात."

इंजिन चांगलं होतं. फक्त हवेचा डबा, ज्यात फिल्टर बसतो, तडकला होता. तसला नवा मिळत नाही. ॲलॉयशियस अनिशला म्हणाला, फायबर लावून सांधतो, आत फोम कापून बसवतो, आठ दिवस दे.

अनिश दोन लाल कोन घेऊन आला. डब्याशिवाय थेट कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसवायचे उघडे फिल्टर.

"अंकल, डबा नको. त्याने आवाज दबतो."

"दबायलाच हाय तो. हवा पण मापात देतो. हे उघडे लावले तर हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. पिस्टन चिकटंल."

"सगळे लावतात हो. आजोबा गाडीवरून बँकेत जायचे. मी लोणावळ्याला चाललोय."

"तुझे आजोबा गोव्याला जाऊन आलेत या गाडीवर. डब्यासकट."

अनिश हसला. "तुम्हाला जमत नसेल तर सांगा. दुसरीकडे बघतो."

तो गेल्यावर ॲलॉयशियसने बराच वेळ हात पुसले. दुसरीकडे नेली तर जेटसुद्धा बदलणार नाहीत, नुसते कोन ठोकून देतील, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने काम घेतलं.

घेतलं ते नीटच करायचं म्हणून घेतलं. अनिशचे कोन कागदाचे होते. ते त्याने बाजूला ठेवले. परळात चारी बाजूंना टॉवर उठताहेत, ती सिमेंटची धूळ कागद महिन्यात चोंदवील. चार दुकानं फिरून फोमचे आणले, तेल लावून वापरायचे, आतून जाळीचा आधार असलेले. त्यांचं तोंड कार्ब्युरेटरपेक्षा चार मिलिमीटरने मोठं होतं. मी ॲल्युमिनियमच्या दोन रिंगा कातल्या. केस जाईल एवढीही फट नव्हती. जेट त्याने अंदाजाने दोन नंबर मोठे घातले.

रविवारी आम्ही शिवडीला गेलो. रस्ता खणलेला, उरलेल्या भागात ट्रेलर उभे. परत आलो. पुढच्या शनिवारी अनिशला निघायचं होतं. ॲलॉयशियस म्हणाला, "त्याला सांगतो, आणखी एक रविवार थांब."

मी म्हणालो, "कशाला? मुंबईत पूर्ण थ्रॉटल कोण देतं रे?"

हे मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं.

आठवडाभर त्याने ती परळ ते माहीम चालवली. लालबागच्या पुलावर चाळीसने. गाडी गोड चालली. चालणारच. शहरात थ्रॉटल पाव भागाच्या वर जात नाही आणि तेवढ्यापर्यंत मोठ्या जेटचं काम पडत नाही. ही गोष्ट ॲलॉयशियसनेच मला वीस वर्षांपूर्वी शिकवली होती. गाडी देताना त्याने अनिशला बजावलं, "साठच्या वर नेऊ नकोस." अनिश "हो हो" म्हणाला.

पनवेल सोडल्यावर जुन्या हायवेवर पिस्टन चिकटला, मागचं चाक जाम झालं. अनिश फरपटत गेला. खांद्याचं हाड आणि मनगट मोडलं. मागून येणारा टेम्पो वेळेत थांबला म्हणून वाचला.

त्याला दादरच्या हॉस्पिटलात आणलं, तिथे आम्ही गेलो. माधवरावांच्या पत्नी मीनाक्षीबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"मिस्किटा, तुम्ही नको म्हणाला होतात ना त्याला?"

"हो वहिनी."

"मग बसवलंत कशाला?"

अनिश ऐकत नव्हता, रस्ता बंद होता, मी मध्ये बोललो, यातलं काहीही तो सांगू शकला असता. म्हणाला, "चुकलं माझं." मी शेजारीच उभा होतो.

आत अनिश पलंगावर होता. "अंकल, टेन्शन घेऊ नका. आवाज मात्र एक नंबर होता!"

ॲलॉयशियस परत येताना चालतच आला. त्याची बायको व्हायोला म्हणाली, दोन दिवस जेवला नाही. मग तो अनिशकडे गेला आणि म्हणाला, सिलिंडर आतून कातून बोअर करतो, पिस्टन शोधतो, डबा सांधतो, गाळा गेला तरी घरात बसून करतो. अनिशने सांगितलं, नको. त्याच्या मित्राचं परळला मिलच्या जागेत कॅफे आहे, तिथे भिंतीवर लावायला गाडी देतोय.

"चालू नाही करायची अंकल. फक्त चमकवून द्या. आणि ते फिल्टर राहू द्या, मस्त दिसतात."

ॲलॉयशियस नाही म्हणाला. दुसऱ्या कोणीतरी एका दुपारात चमकवून दिली.

मी एकदा जाऊन बघून आलो. गाडी काचेच्या दारासमोर टांगली आहे. माझ्या रिंगा खालूनही दिसतात. चांगल्या बसल्या आहेत. ॲलॉयशियसला मी तिथे गेल्याचं सांगितलेलं नाही.