सही चालते, हात नाही

"गादीच्या खालीच उभी राहा. तिथूनच वाच. कशाला हात लावू नकोस."

शेठजी हे रोजच म्हणत. रागावून नाही. पंखा लाव म्हणावं, तसं.

जळगावातली सराफी पेढी. मी तिथे इंग्रजी पत्रं टाइप करायची. बसायची बाहेर, ओट्यावर. वडील मिशनच्या शाळेत माळी, म्हणून मला तिथे शिकायला मिळालं होतं. आम्ही बौद्ध झालो होतो. पेढीवर मात्र आमची जुनीच जात चालू होती.

मुंबईहून नवा काटा आला होता. काचेच्या पेटीतला, अगदी बारीक फरक दाखवणारा. लक्ष्मीपूजनात त्याची वजनांसकट पूजा झाली. पूजेनंतर त्या दिवशी तो पहिल्यांदा वापरायला काढला. सोबत इंग्रजी पुस्तिका होती.

"हे कॅलिब्रेट म्हणजे काय गं? दुरुस्ती?"

"नाही शेठजी. दुरुस्ती मोडलेल्याची. इथे पक्कं ठाऊक असलेलं वजन ठेवायचं, काटा काय दाखवतो ते बघायचं आणि जेवढा फरक, तेवढाच स्क्रू फिरवायचा. काट्याला म्हणतात, थर्मामीटरला म्हणतात. खुर्ची सरकवण्याला कुणी म्हणत नाही."

"मग सेटिंग म्हण ना! कॉन्व्हेंटवाल्यांचं सगळंच लांबलचक."

मुनीमजी हसले. सेटिंग आपल्या मनासारखं करता येतं, यात आपलं मन चालत नाही, हे मी मनातच म्हटलं. तेव्हा बरंचसं मनातच म्हणायची.

पुढे लिहिलं होतं, वजनांना बोट लावू नये. चिमट्याने उचलावीत. कुणाचंही बोट नको. ती ओळ मी दोनदा वाचली. मोठ्याने.

मुनीमजींनी दहा ग्रॅमचं वजन बोटांनीच उचललं. त्यावर कुंकवाचा थर. एक अक्षतही चिकटलेली.

"शेठजी, कुंकू पुसावं लागेल."

"लक्ष्मी पुसतात का? तुम्हा लोकांना काय कळणार!"

मुनीमजींनी स्क्रू फिरवला. काटा दहावर आणला. शेठजींनी एक कोरं कार्ड गादीवरून खाली टाकलं. मी वाकून उचललं.

"लिही, कॅलिब्रेटेड. खाली इंग्रजीत सही कर. पेटीला लावू. झकास दिसेल."

दाराशी शिंदखेड्याच्या एक अक्का बसल्या होत्या. पोत मोडायला आणलेली, पदराच्या गाठीत. त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, काटा नवा शे. खरा शे ना?"

मला खूप थकवा आला. वजन कुंकवासकट दहा धरलं होतं. म्हणजे अक्कांच्या सोन्यातून तेवढं कुंकू वजा होणार. त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येकीच्याही. आणि खाली सही माझी.

"नाही अक्का. खरा नाही. वजनांवर कुंकू आहे."

अक्कांनी गाठ पुन्हा घट्ट बांधली.

"उद्यापासून येऊ नकोस," शेठजी म्हणाले. या वेळी रागावून.

मी कार्डावर मराठीत लिहिलं, 'हा काटा जुळवलेला नाही.' खाली सही केली. पूर्ण नावाची. गादीवर चढले. पांढऱ्या चादरीवर माझ्या पावलांची धूळ उमटली. कार्ड मी माझ्या हाताने काचेला टेकवून ठेवलं.

ते त्यांनी लगेच फाडलं असणार. फाडू देत.

त्यानंतर पुष्कळ ठिकाणी नोकरी मागितली. आधी एकच गोष्ट सांगायची. जिथे माझा हात चालत नाही, तिथे माझी सही मिळणार नाही.