मॅट्रिकचा खरा अर्थ

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत वेचणीची मजुरी परवडेना. म्हणून मुकुटबनकडच्या आमच्या गावात सावड चाले: आज शेजारी आमच्या वावरात, उद्या आम्ही त्यांच्या. बहिणीच्या विद्यापीठ नोंदणीच्या अर्जाचा शेवटचा दिवस नेमका शेजाऱ्यांच्या वेचणीचा निघाला. ती वेचायला गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉलेजात पोचलो.

सभागृहात नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत चाललं होतं. शाल पांघरलेले पाहुणे सांगत होते, मॅट्रिक म्हणजे दहावी नव्हे. मूळ लॅटिन शब्द नावांच्या यादीचा, आणि विद्यापीठाच्या यादीत नाव चढणं हाच त्याचा खरा अर्थ. टाळ्या झाल्या.

बाहेर कचेरीच्या खिडकीतला बाबू बहिणीला म्हणाला, "काल काहून नाही आली?"

"सावड होती, सर."

"मंग पुढच्या वर्षी ये. यादी गेली."

"कुठी गेली? तुमच्या समोरच तर हाये."

त्यानं यादीवर कोपर ठेवलं.

मी पाहुण्यांना गाठलं. म्हटलं, "यादीचा अर्थ समजला, आता तेवढं एक नाव घालायला सांगा." त्यांनी माझा खांदा थोपटला, "जिज्ञासा चांगली आहे" म्हणाले आणि जेवायला गेले.

बहिणीचं वर्ष गेलं. तो थोपटलेला खांदा मला अजून झटकावासा वाटतो.