प्लगमावशींचा खिसा

हॉस्पिटलची बाग सांभाळणाऱ्या मावशींना सगळे प्लगमावशी म्हणत. नर्स म्हणत, वॉचमन म्हणे, खिडकीशी बसून कंटाळलेले पेशंटही म्हणत. त्याला कारण होतं. गवत कापायच्या पेट्रोलच्या मशीनखाली हात घालायचा झाला, की मावशी आधी इंजिनाचा प्लग पान्याने काढत, फडक्यात गुंडाळत आणि स्वतःच्या खिशात टाकत. प्लग नाही तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर इंजिन दगा देणार नाही. साफसफाई झाली, की प्लग परत जागेवर. एकदा तो चुकून घरी गेला आणि धुण्याच्या बादलीत सापडला. त्यावरून वॉचमन अजून विचारायचा, "काय मावशी, प्लगला इस्त्री केलीत की नाही?"

मावशींचा राग नाकाच्या शेंड्यावर. पेट्रोलचा कॅन उन्हात दिसला की त्या तापत. चपला घालून कोणी मशीन ढकलताना दिसला, तर त्याची खैर नसे. गरम इंजिनात पेट्रोल ओतणाऱ्याला त्या विचारत, "घरी पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओततोस का रे?"

पण गेले चार महिने हा राग त्यांना गिळावा लागत होता. बागेत लागलेला नवा माणूस त्यांचा जावई होता. मावशींनीच शब्द टाकून त्याला लावलं होतं. पोरगा कष्टाळू, त्यांच्या लेकीला जपणारा, पण कायम घोड्यावर बसलेला. कामावर तो त्यांना इतरांसारखं मावशी म्हणे, घरी आई म्हणे. मावशी मात्र दोन्हीकडे त्याला जावईबापूच म्हणत. अहो-जाहो करत माणसावर ओरडता येत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. "अहो जावईबापू, बूट घालता का जरा?" असं म्हटल्यावर कोण बूट घालतो?

त्या दिवशी अकरा वाजता पाहणीसाठी कोणी मोठी माणसं यायची होती. ऑफिसातले साहेब नऊलाच बागेत येऊन उभे राहिले.

"मावशी, पुढची हिरवळ दहापर्यंत कापून हवी."

"गवत ओलं आहे साहेब. नळ कोणीतरी उघडा ठेवला होता. उन्हं जरा चढू द्या."

"उन्हं पाहुण्यांसाठी थांबणार आहेत का?"

"माणसाचे हातपाय परत उगवणार आहेत का मग?" असं मावशींच्या ओठांवर आलं होतं, पण साहेब पाठ फिरवून गेलेसुद्धा. मावशी धुमसत शेडमध्ये गेल्या. पाना आणि फडकं घेऊन बाहेर येतात तो समोर मशीन धडधडत उभं, आणि त्याच्या दांड्याशी माणूसच नाही! जावई दहा पावलांवर पाण्याचा पाइप गोळा करत होता.

त्या मशीनच्या दांड्याला एक कडी असते. ती हाताने दाबून धरली तरच इंजिन चालतं. हात सुटला की बंद पडतं. हात दुखतो म्हणून जावयाने ती कडी दांड्याला बांधून टाकली होती. तीही पायजम्याच्या नाडीने.

मावशींनी कमरेच्या खुरप्याने नाडी कापली. इंजिन गप्प झालं.

"जावईबापू, ही नाडी पायजम्यात शोभते."

"मावशी, मी इथेच तर होतो."

"तुम्ही इथे होतात. पातं तिथे फिरत होतं."

"सगळेच बांधतात. तुमचं आपलं काहीतरीच असतं."

व्हरांड्यात दोन नर्स हसल्या. जावयाचे कान लाल झाले. आता यांना कामच करून दाखवतो, अशा तिरमिरीत त्याने कडी दाबून इंजिन सुरू करायची दोरी खेचली. मशीन सात-आठ हात चाललं, घुसमटलं आणि बंद पडलं. ओलं गवत पात्याभोवती लगद्यासारखं बसलं होतं. त्याने मशीन कलंडवलं, आणि प्लग जागेवर असतानाच उजवा हात आत घालून पातं हिसकायला लागला.

मावशी कशा पोचल्या ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी त्याच्या मनगटावर फाडकन मारलं.

"अरे मूर्खा, हात काढ! काढ म्हणते ना!"

जावई उठला, हात झटकले, आणि फाटकाबाहेर गेला. मावशींनी प्लग काढून खिशात टाकला. पाहुणे आले तेव्हा हिरवळ अर्धीच कापलेली होती. साहेब काही बोलायला पुढे झाले, पण मावशींचा चेहरा बघून त्यांनी पाहुण्यांना दुसऱ्या दाराने नेलं.

दुपारी लेक तणतणत शेडमध्ये आली.

"आई, तू यांना मारलंस? सगळ्यांसमोर अरे-तुरे केलंस? अगं, जेवलेसुद्धा नाहीत ते!"

"जेवायला हात तर शिल्लक आहे ना?"

"बाबांचं मशीन खराब होतं म्हणून काय सगळी मशीनं तशीच असतात?"

ही नोकरी आधी तिच्या बाबांची होती. उजव्या हाताची तीन बोटं गेल्यापासून ते घरी होते. लेक तेव्हा चार वर्षांची. मशीन खराब होतं, असंच तिला घरात सगळ्यांनी सांगितलं होतं.

मावशींनी पाना खाली आपटला.

"खराब कशाला असेल? मशीन चांगलं होतं, बंद होतं! गवत अडकलं म्हणून तुझ्या बाबांनी असाच हात घातला. तेव्हा कडी नव्हती, आणि आताच्या कडीचाही भरवसा नाही. पातं हलवलं की इंजिनही फिरतं, आणि प्लग जागेवर असला तर एका ठिणगीत पातं उलटून येतं. हातमोजा मी उचलला. तो रिकामा नव्हता. एवढासा प्लग काढायला आळस! एकोणीस वर्षं झाली, अजून राग जात नाही माझा."

लेक शेडच्या उंबऱ्यावर बसली.

"एकोणीस वर्षं तुझ्या बापाच्या शर्टाची बटणं मी लावतेय. तुला नवऱ्याची लावायची आहेत? तसं सांग, उद्यापासून मी तोंड उघडत नाही. जावईबापू म्हणते आणि गप्प बसते."

लेक उठली आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी जावई वेळेवर आला. पायात बूट होते, तोंड फुगलेलं होतं. मावशींनीही ढुंकून पाहिलं नाही. त्यांचा राग काही रात्रीत उतरणारा नव्हता. उरलेली हिरवळ कापता कापता मशीन पुन्हा घुसमटलं. मावशी वाफ्यातून उठल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

जावयाने इंजिन निवू दिलं. पाना लावून प्लग काढला, फडक्यात गुंडाळला आणि छातीवरच्या खिशात टाकला. खाकी शर्टावर निळ्या कापडाचा नवा खिसा होता. टाके लेकीच्या हातचे, घाईघाईत घातलेले, पण दुहेरी.

"दाखवा," मावशी म्हणाल्या.

त्याने बटण उघडून खिशातला प्लग दाखवला. चेहरा अजून घुश्शातच होता.

"हं. आता घाला हात."