पप्पांचा डावा पाय आणि साहेबांची सही

माझे पप्पा, मार्सेल तुस्कानो, वसईहून मस्कतला आले ते कपडे धुवायला. म्हणजे व्हिसावर तसं होतं. मुंबईत इंटरव्ह्यूला हॉटेलच्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "लाँड्री का काम आता है?"

"नो सर."

"लेफ्ट फुट से मारते हो ना?"

"यस सर!"

"तो धोना भी सीख जाओगे."

मस्कतच्या हॉटेलांचा आपसात फुटबॉल कप चालतो आणि साहेबांच्या टीमची डावी बाजू लंगडी होती. पप्पा सकाळी चादरी धुवायचे, संध्याकाळी पळायचे. कोपऱ्यातून चेंडू असा वळवायचे की गोलकीपर त्याची वाट एका बाजूला बघायचा आणि तो दुसरीकडून आत शिरायचा. दोनदा कप आणला. आता जिना उतरताना गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्याआधी पप्पा: "आई गं... काही नाही, काही नाही!" पण डावा पाय अजून तसाच आहे. इस्त्रीच्या टेबलाखालीसुद्धा हलत असतो.

मी लहान असताना मम्मीला सलालाहच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. ती मला घेऊन ओमानच्या दक्षिणेला गेली, पप्पा मस्कतजवळच्या माबेलातल्या एका खोलीत राहिले. मधे अख्खं वाळवंट. तेव्हा नोकरी बदलायची तर जुन्या मालकाची एनओसी लागायची. त्याने सही केली नाही की माणूस जागच्या जागी. पप्पा केबिनमध्ये गेले, की साहेब आधी चष्मा शोधत खिसे चापटायचे. मग खाकरायचे. मग:

"मार्सेल, माय सन. लाँड्रीवाला तो मिल जाएगा. लेफ्ट विंगर कहाँ से लाऊँ? इस साल रुक जाओ. नेक्स्ट इयर पक्का... इन्शाल्ला."

"जी सर," म्हणून पप्पा बाहेर. दर वर्षी.

मग एनओसीचा नियमच गेला. मम्मी फोनवर ओरडली, "अरे मार्सेल, कॉन्ट्रॅक्ट संपलं की आता माणूस मोकळा!"

"रेजिना, कायदा पेपरात असतो. साहेब केबिनमध्ये असतात."

यंदा सलालाहच्या एका हॉटेलाने त्यांना लाँड्री इन-चार्ज म्हणून बोलावलं. कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. नुसतं निघायचं होतं. पप्पांनी काय केलं? केबिनमध्ये जाऊन विचारलं!

"फायनल जिंकलो तर सही देतो म्हणाले," त्यांनी फोनवर सांगितलं.

"आणि हरलात तर?" मी विचारलं.

मग पप्पांचाच खणखणीत आवाज, "हॅलो? नेटवर्क गेलं वाटतं."

"अख्ख्या माबेलात फक्त तुझंच जातं," मम्मी म्हणाली आणि तिने आम्हा दोघींची तिकिटं काढली.

फायनलच्या दुपारी पप्पा खोलीत गुडघ्याला पट्टी बांधत होते. तोंड एवढंसं. मग मी उठले, खिसे चापटले, खाकरले. "मार्सेल, माय सन..." सुरुवातीपासून इन्शाल्लापर्यंत. मम्मी हसून हसून पलंगावर आडवी. पप्पा म्हणाले, "गप गं शॅनन, साहेब आहेत ते." मग पट्टी सोडून, हळूच, "परत कर."

अल खौदच्या मैदानावर पप्पा मस्त खेळले. पहिला गोल त्यांच्याच क्रॉसवर झाला. साहेब कडेला उभे राहून, "यल्ला मार्सेल! दौड! दौड!" स्वतः खुर्चीपर्यंतसुद्धा दौडत नाहीत. समोरच्यांनी बरोबरी केली. मग शेवटी शेवटी एक साधा चेंडू आमच्या गोलकीपरच्या, अश्विनच्या, हातांतून सुटून आत गेला. शिट्टी. खलास.

अश्विन हॉटेलच्या एचआरमध्ये बसतो. तो रडवेला होऊन आला. "मार्सेलदादा, माझ्यामुळे तुमची सही गेली हो." मग स्वतःच थबकला. "पण दादा, सही लागतेच कुठे? तुमचे कागद मीच बघतोय ना!"

"ते ठीक आहे रे. पण साहेब..."

साहेब येतच होते. पप्पा सरळ उभे राहिले, हात मागे, लाँड्रीत उभे राहतात तसे. मम्मीने माझं मनगट घट्ट धरलं. पप्पांच्या ओठांवर "जी" आलेलाच होता.

साहेबांनी खिसे चापटले. खाकरले.

"मार्सेल, माय सन. लाँड्रीवाला तो मिल जाएगा..."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. गाल फुगले. साहेब "लेफ्ट विंगर कहाँ से"पर्यंत पोचले आणि पप्पा फुटले. गुडघा धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतकी वर्षं ज्या आवाजासमोर ते उभे राहिले, तो दुपारीच त्यांनी दोनदा ऐकला होता, माझ्या तोंडून.

"क्या हुआ? इस में हँसने का क्या है?"

"कुछ नहीं सर." पप्पांनी डोळे पुसले. "सर, साइन रहने दो. मैं जा रहा हूँ. हाथ मिलाओ."

साहेबांनी आधी अश्विनकडे बघितलं. अश्विनने मान डोलावली. मग साहेबांनी हात पुढे केला आणि बराच वेळ सोडला नाही. "लेफ्ट विंगर सच में नहीं मिलेगा," ते म्हणाले. या वेळी खाकरले नाहीत.

महिना संपताच पप्पा बॅग घेऊन सलालाहला उतरले. नव्या हॉटेलात पहिल्याच दिवशी तिथल्या मॅनेजरने हसत विचारलं, "मार्सेल, सुना है लेफ्ट फुट बढ़िया है?"

पप्पा म्हणाले, "सर, पहले पूछो कपड़े धोना आता है क्या."

मग संध्याकाळी नारळाच्या बागेमागच्या मैदानावर खेळायला किती वाजता जमतात, तेही त्यांनीच विचारलं.