जयम्मांना मी ‘सरी’ म्हणाले

आफ्रिकेतल्या मालावीला वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं, हे पन्नाशीला टेकल्यावर ठरवलं तेव्हा घरात कुणी फारसं हसलं नाही. हसले ते प्रशिक्षण कुठे आहे हे कळल्यावर. बंगळूर! “म्हणजे तुझा परदेश बेळगावच्या पुढे सुरू होतो तर,” नवरा म्हणाला. पाठवणाऱ्या संस्थेचं म्हणणं सरळ होतं: जिथली भाषा येत नाही अशा गावात दोन आठवडे राहा, काम करा, मग समुद्र ओलांडा. मी फिजिओथेरपिस्ट, पुण्यात बावीस वर्षं दवाखाना चालवते. मला वाटलं, दोन आठवडे म्हणजे सहलच की.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून स्लीपर बस पंधराएक तास घेते, तिकीट दीड हजाराच्या आसपास. तुमकूर रस्त्यानेच शहरात शिरते, त्यामुळे यशवंतपूरला उतरायचं असेल तर शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ नका. राहायची सोय संस्थेने तिथेच सुमन अक्कांकडे केली होती. या घराच्या चार पिढ्या इथेच गेल्या, यजमानांचं बाजारात गोणपाटाचं दुकान. घरात मराठी, पण कानडीची फोडणी दिलेली. “ये गं, कूतको, स्वल्प कॉफी घे आधी,” अक्का दारातच म्हणाल्या. कूतको म्हणजे बस. मी बसले आणि लगेच तो शब्द वहीत टिपला. हुशार विद्यार्थिनी ना मी!

काम होतं जवळच्या एका वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात. सकाळी व्हॅन त्यांना घरून आणते, संध्याकाळी सोडते. तिथे मला जयम्मा मिळाल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेली, चार महिने पाऊल टाकलेलं नाही. पहिल्या दिवशी त्या वॉकरकडे सवतीकडे पाहावं तशा पाहत होत्या. पाचव्या दिवशी व्हरांडा ओलांडला. सातव्या दिवशी फाटकापर्यंत गेल्या आणि तिथून रस्ता बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

माझं कानडीही धावत होतं. निदान मला तसं वाटत होतं. “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का, हे मी भेटेल त्याला विचारायची. उत्तर समजायचं नाही, पण हसून मान डोलावली की समोरचा खूश. आम्हाला कानडी शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि आमच्या प्रशिक्षणाच्या गटातली मुंबईची दोन पोरं “समजलं नाही, पुन्हा सांगा” असं दर वाक्याला म्हणत अडखळायची, त्यांची मला कीव यायची. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते हेच. एक दिवस अक्का हळूच म्हणाल्या, “कळलं नाही तर नाही म्हण गं. इथे कोणी रागावत नाही.” मी म्हटलं, “अक्का, संदर्भावरून कळतं मला.”

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी व्यायाम संपल्यावर जयम्मांनी माझा हात धरला आणि खूप वेळ काहीतरी सांगितलं. शेवटी प्रश्न होता, तेवढं सुरावरून कळलं. शब्द कळला एकच, नाळे. उद्या. उद्या येशील ना, असंच विचारत असणार. “सरी, सरी! नाळे!” मी ठणकावून म्हणाले. ठीक आहे, उद्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. मला भरून आलं. रात्री वहीत मी लिहिलं की प्रेमाला भाषा लागत नाही. ते पान मी अजून फाडलेलं नाही. असू दे.

शुक्रवारी आमची सकाळ मोकळी होती. मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलून इंदिरानगरला गेले. पन्नास-साठ रुपयांत काम होतं, रिक्षाच्या फंदात पडू नका. झाडांखालून चालले, लोण्यात थबथबलेला डोसा खाल्ला, फिल्टर कॉफीचे फोटो काढले. वेटरशी कानडी बोलले, त्याने हिंदीत उत्तर दिलं. आरामात परत येऊन केंद्रात पोचले तेव्हा एक वाजला होता.

जयम्मा दाराजवळच्या खुर्चीत होत्या. मोरपंखी रेशमी साडी, अंबाड्यात मोगरा, मांडीवर स्टीलचा डबा. मला वाटलं, काही सण असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डबा पुढे केला. आत ओब्बट्टू होते, इथली पुरणपोळी. मी दोन खाल्ले. उभ्या उभ्या, मिटक्या मारत. “तुंबा चेन्नागिदे!” म्हणजे फार छान, असंही म्हणाले. डब्याचा फोटोही काढला. त्या बघत होत्या.

तेवढ्यात लक्ष्मी आली, तिथली आया. तिला मोडकंतोडकं हिंदी येतं. “मॅडम, आप किधर गया? अम्मा नौ बजे से बैठा है.”

“क्यों? क्या हुआ?”

“इनका छोटा बहन आज गया ना. हमेशा के लिए. बेटे के पास, धारवाड. ग्यारह बजे का ट्रेन, यशवंतपूर से. अम्मा बोला, फिजिओ मॅडम मेरे को स्टेशन ले जाएगा, चलाते हुए. आप कल सरी बोला ना?”

स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर. लक्ष्मी स्वतः नेणार होती, व्हॅनचा ड्रायव्हरही तयार होता. जयम्मांनीच दोघांना नको सांगितलं, मॅडमनी शब्द दिलाय म्हणून. साडेदहाला लक्ष्मीने पुन्हा विचारलं, तेव्हाही त्या म्हणाल्या, येतेय ती. बहिणीला त्यांना पायांवर उभं राहून दाखवायचं होतं. डबा बहिणीच्या प्रवासासाठी होता.

पुरण घशात अडकलं वगैरे काही झालं नाही. ते केव्हाच गिळून झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ‘मला माफ करा’ हे कानडीत कसं म्हणतात तेही मला ठाऊक नव्हतं. चाळीस शब्द पाठ केले, त्यात तो नव्हता.

शनिवारी अक्कांना सोबत घेऊन गेले. मी मराठीत बोलत होते, अक्का कानडीत सांगत होत्या. मला काही कळलं नव्हतं, मी कळल्याचं नाटक केलं, हे वाक्य सांगताना अक्का आधी माझ्याकडे बघून मग बोलल्या. जयम्मांनी शांतपणे ऐकलं.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणते, असू दे, फोन करेन तिला. म्हणते, तुझा पण काय इलाज.”

त्यांनी आवाज चढवून एक शब्द बोलायला हवा होता, मला बरं वाटलं असतं. उरलेल्या दिवसांत त्यांनी सगळे व्यायाम केले, एकही चुकवला नाही. फक्त मी काहीही म्हटलं, उद्या दहाला या, हा पाय आधी टाका, की त्या आधी लक्ष्मीकडे बघायच्या. लक्ष्मीने मान हलवली की मगच पाय उचलायच्या.

घरी येऊन तीन आठवडे झाले. लोक विचारतात, कसं होतं बंगळूर? हवा छान, डोसा छान, मेट्रो छान, असं सांगते. संस्थेला कळवलंय की मी तीन महिने उशिरा निघेन, तिथली चिचेवा भाषा थोडी तरी शिकून. त्यांनी होकार दिला आणि मला जरा हलकं वाटायला लागलं. दोष भाषेचा होता, भाषा शिकले की मिटला, असा हिशेब मी मांडला होता.

काल दवाखान्यात देशपांडे काका आले. वर्षभर येतात, पक्षाघातानंतर. मी फाइलमध्ये लिहीत होते, ते काहीतरी बोलत होते. “हो हो काका, घेऊ या,” मी म्हणाले.

ते हसले, अगदी सौम्यपणे. “मॅडम, तीन महिने तुम्ही हो हो म्हणताय. मी काय विचारतो, ते एकदा सांगाल का मला?”

मी पेन खाली ठेवून म्हणाले, “समजलं नाही काका, पुन्हा सांगा.”